आधी उजेड बघा, मग झाड आणा : घरातल्या कुंड्यांसाठी धागा

केतकीबन (पुणे)

पाच वर्षांपूर्वी आम्ही कोथरूडच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी फिडल लीफ फिग आणलं. साडेचार फूट उंच, मोठमोठी चकचकीत पानं. सोफ्याशेजारचा कोपरा त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवला होता. नर्सरीतल्या दादांना विचारलं, "उन्हाशिवाय जगेल ना?" ते म्हणाले, "इनडोअरच आहे ताई, बिनधास्त न्या." दोन महिन्यांत खालून एकेक पान गळत गेलं. आधी तपकिरी डाग, मग देठाशी पिवळेपणा, आणि एके दिवशी सकाळी उठून बघावं तर पान फरशीवर. मी पाणी वाढवलं, खत घातलं. शेवटी कुंडी उलटी केली तेव्हा मुळं काळी पडून कुजली होती आणि मातीला आंबूस वास येत होता.

त्या कोपऱ्यात उजेडच नव्हता. उजेड नाही म्हणून झाड पाणी ओढत नव्हतं, आणि मी रोज तांब्या रिकामा करत होते. हे लक्षात येईपर्यंत आणखी चार झाडं गेली. "हॉलमध्ये कुठलं झाड ठेवू?" असं इथे बरेचदा कुणीतरी विचारतं, म्हणून मी काय शिकले ते एकदा सविस्तर लिहिते.

इनडोअर असं झाड रानात कुठेच उगवत नाही. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, अग्लोनेमा ही दाट जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी, म्हणून ती आपल्या खोलीत निभावून नेतात. झीझी पूर्व आफ्रिकेकडचं, जमिनीखाली बटाट्यासारख्या गड्ड्यांत पाणी साठवून ठेवणारं. फिडल लीफ मात्र पश्चिम आफ्रिकेतला मोठा वृक्ष, उजेड गाठायला वर वर जाणारा. मी त्याला भिंतीशी कोंडून ठेवलं होतं.

उजेड मोजायची माझी पद्धत साधी आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी ८, ११, दुपारी २ आणि ५ वाजता ज्या जागी कुंडी ठेवायची तिथे पांढरा कागद ठेवायचा आणि त्याच्यावर फूटभर उंचीवर हात धरायचा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी ठसठशीत सावली पडली तर उजेड भरपूर. हाताचा नुसता आकार कळला, कडा पुसट असल्या, तर मध्यम. सावली शोधावी लागली तर तिथे फार थोडी झाडं टिकतात. बत्ती बंद ठेवून बघा, नाहीतर ट्यूबलाइटची सावली मोजून बसाल.

मग फोनवर लक्स (उजेड मोजायचं एकक) मोजणारं अॅप घेतलं. सेन्सर स्क्रीनच्या बाजूला वरच्या कडेशी असतो, म्हणून झाडाच्या पानाच्या जागी फोन धरून स्क्रीन खिडकीकडे करायची. आकडे फोनगणिक बदलतात, पण आपल्याच घरातल्या दोन जागांची तुलना करायला ते पुरतात. नोव्हेंबरात सकाळी ११ वाजता माझ्या पूर्वेच्या खिडकीच्या कट्ट्यावर ४,००० लक्स होते, ऊन सरकून गेल्यानंतरचे. तीन फूट आत १,१००. सोफ्याच्या कोपऱ्यात ९०. भर दुपारच्या उन्हात बाहेर साधारण १ लाख लक्स असतात. त्याच कोपऱ्यात बसून मी रोज पेपर वाचते आणि मला तो छान उजेडाचा वाटायचा! आपले डोळे लगेच जुळवून घेतात. पानाला तशी सोय नाही.

दिशेबद्दलही थोडं लिहिते, कारण थंड देशांतले व्हिडिओ बघून आपल्याकडचा हिशोब चुकतो. पुण्यात मेच्या मध्याला आणि जुलै संपता संपता शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी सूर्य नेमका डोक्यावर. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्यामुळे माझ्या उत्तरेच्या खिडकीत मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं, आणि दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा छज्जामुळे कवडसाही पडत नाही. डिसेंबरात उलटं. दुपारचा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४८ अंशांवर असतो आणि ऊन पार दिवाणापर्यंत येतं. दक्षिणेच्या खिडकीतली अग्लोनेमाची कुंडी मी दिवाळीनंतर तीन फूट आत घेते आणि गुढीपाडव्याला परत खिडकीशी ठेवते. पश्चिमेच्या खिडकीला एप्रिल-मेमध्ये जपा. तिथे काचेला टेकलेल्या सिंगोनियमच्या पानांवर एका दुपारीत पांढरे, कागदासारखे कोरडे चट्टे पडले होते. ते भरून येत नाहीत, नवीन पानांचीच वाट बघावी लागते.

आणि दिशेइतकंच महत्त्वाचं, समोर काय आहे? समोरची इमारत, आंब्याचं झाड, गडद काच, डासांची जाळी, पडदा, या सगळ्यांत उजेड अडतो.

सध्या माझ्याकडे पूर्वेच्या खिडकीशी पीस लिली आणि स्पायडर प्लांट, उत्तरेला झीझी आणि मनीप्लांट, दक्षिणेला काचेलगत रबर प्लांट, पश्चिमेला कोरफड, जेड आणि क्रोटन. क्रोटनला ऊन मिळालं नाही तर लाल-पिवळा रंग जातो आणि नुसतं हिरवं झुडूप उरतं. सोफ्याच्या कोपऱ्यात आता झाड नाही. तिथे आजीचं तांब्याचं घंगाळ घासून ठेवलंय.

तुमची खिडकी कुठल्या दिशेची, कितव्या मजल्यावर आणि समोर काय, ते लिहा. मिळून बघू.

रानवाट (मुंबई)

ताई, फार मनापासून लिहिलंत. माझी अडचण सांगते. दादर, दुसरा मजला, एकच खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी उत्तरेला, समोर १२ फुटांवर दुसऱ्या इमारतीची भिंत. बाहेर बॉक्स ग्रिल आहे, आत डासांची जाळी. आई दिवसभर घरीच असते, गुडघ्यांमुळे जिना उतरत नाही. तिला समोर काहीतरी हिरवं हवंय. गेल्या वर्षी एरिका पाम आणला, टोकं करपून गेला. गुलाब तर विचारूच नका. कागद ठेवून आत्ताच पाहिलं, दुपारी २ वाजता ग्रिलमध्ये पुसट सावली पडते, खोलीत काहीच नाही.

केतकीबन

ग्रिलमध्ये पुसट सावली पडते म्हणजे जागा आहे. जाळी आधी धुऊन घ्या. धूळ बसलेली जाळी बराच उजेड खाते, आणि सरकणारी असेल तर दिवसा उघडी ठेवा. समोरची भिंत पांढरी आहे का? असेल तर तिच्यावरून परतणारा उजेड तुमच्या कामाचा.

पहिलं झाड अग्लोनेमा आणा, पण हिरव्या-चंदेरी पानांचं. लाल-गुलाबी पानांच्या जातींना उजेड जास्त लागतो, कमी पडला की रंग फिका होतो. कुंडी ग्रिलमध्ये किंवा खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर, काचेपासून फूटभराच्या आत. दुसरं मनीप्लांट. तो ग्रिलमध्ये राहू दे आणि वेल आतल्या बाजूला सोडा, म्हणजे मुळाजवळची पानं उजेडात आणि आईंच्या नजरेसमोर हिरवं. ग्रिलच्या गजांना कुंड्या नुसत्या अडकवू नका, खाली ट्रे ठेवा आणि वजनाचा विचार करा. खालून माणसं जातात.

शिवारातला (सांगली)

मी फळबागांच्या कामात आहे, घरातल्या कुंड्यांचा फार अनुभव नाही. पण केतकीताईंनी पाण्याचं जे लिहिलंय ते पुन्हा सांगावंसं वाटतं, कारण सगळ्यात जास्त झाडं तिथेच मरतात.

पान उजेडात अन्न तयार करतं, आणि जगण्यासाठी रात्रंदिवस ते खर्चही करतं. जमा आणि खर्च बरोबर झाले तर झाड नुसतं टिकतं. जमा जास्त झाली तर वाढतं. खर्च जास्त झाला तर साठा मोडून खातं आणि जुनी पानं सोडून देतं. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या झाडाला तुम्ही कितीही खत घाला, जमा वाढणार नाही. उलट खताचे क्षार कुंडीत साठून मुळं भाजतात. पाण्याचंही तसंच. उजेड निम्मा असेल तर पाणीही निम्म्याच्या आसपासच लागतं. वार लावून पाणी घालू नका, मातीत बोटाची दोन पेरं घालून बघा. वरची माती कोरडी आणि खाली ओल असेल तर थांबा. आषाढ-श्रावणात आठवडाच्या आठवडा सूर्यदर्शन नसतं, तेव्हा झीझी किंवा स्नेक प्लांटला महिनाभर पाणी नाही दिलं तरी चालतं. नर्सरीतून येणारी कुंडी कधी नुसत्या कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) असते, कधी घट्ट लाल मातीची. दोन्ही घरात त्रास देतात, पहिली ओल धरून ठेवते, दुसरीत हवा खेळत नाही. मी माती, गांडूळखत आणि जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) असं मिश्रण करून घेतो.

सावलीत वाढणाऱ्या वेलीचं म्हणाल तर आमच्याकडे मिरज तालुक्यात पानमळे आहेत. लहानपणी मामांच्या मळ्यात मे महिन्यात शिरलो की बाहेरच्या उन्हातून एकदम माजघरात आल्यासारखं वाटायचं. शेवरी, पांगारा, हदगा दाट लावलेले आणि त्यांच्या खोडांवर नागवेल चढवलेली. वरून ऊन गाळून खाली येतं, ओल टिकते, आणि पान मोठं, कोवळं राहतं. विड्याचं पान घरात लावायचं असेल तर हीच हवा करून द्यावी लागते: पूर्वेचं कोवळं ऊन, दुपारी सावली, चढायला ओलसर काठी. सातव्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या गॅलरीत गरम वाऱ्यानं नागवेल वाळून जाते.

मोगरा_१२ (ठाणे)

माझा अनुभव वेगळा आहे. माझं स्नेक प्लांट बाथरूममध्ये दोन वर्षं आहे, खिडकी नाही, फक्त बल्ब. काहीही झालेलं नाही. त्यामुळे उजेडाचं इतकं असावं का, असं वाटतं.

केतकीबन

मोगराताई, एक विचारू? दोन वर्षांत नवीन पानं किती आली?

मोगरा_१२

आत्ता जाऊन बघितलं. आणताना नऊ होती, आता आठ आहेत. नवीन एकही नाही. आणि एक पान बुडाशी मऊ लागतंय. हे मी आजवर पाहिलंच नव्हतं.

शिवारातला

साठ्यावर जगतंय ते. जाड पानांची झाडं फार सोसतात, म्हणून उशिरा कळतं. मऊ झालेलं पान बुडातून काढून टाका, कुंडी पूर्ण वाळू द्या आणि खिडकीजवळ आणा. पण आज बाथरूममधून काढून उद्या गच्चीवर उन्हात ठेवू नका, पानं भाजतील. दर आठवड्याला थोडं थोडं उजेडाकडे सरकवा.

अबोली_नभ (ठाणे)

मोगराताई, मी दोन झीझी घेतल्यात आणि दर पंधरा दिवसांनी अदलाबदल करते. एक अंधाऱ्या पॅसेजमध्ये पाहुणी, एक खिडकीत. दोन्ही वाढतायत. तुमच्या बाथरूमसाठी तेच करता येईल.

ज्यांच्याकडे खिडकीच नाही त्यांच्यासाठी: आमच्या आतल्या खोलीत मी कपाटाच्या कप्प्याला साधी २० वॅटची पांढरी एलईडी पट्टी लावली आहे, पानांपासून फूटभरावर, टायमर लावून १२ तास. जांभळा दिवा घेतला नाही, तो डोळ्यांना नको वाटतो आणि पांढऱ्यात झाडाला लागणारे लाल-निळे दोन्ही रंग असतात. तिच्याखाली सिंगोनियमची पेरं आखूड झाली, पानं दाट आली. त्याआधी प्रत्येक पेर बोटभर लांब होत होतं आणि वेल नुसता खिडकीच्या दिशेने वाकत होता. छताची ट्यूब मात्र कामाची नाही. खाली मेजावर येईपर्यंत तिचा उजेड फारच कमी होतो.

दक्षिणायन (मेलबर्न)

माझ्यासारख्या दक्षिण गोलार्धातल्या मंडळींसाठी एक सूचना. वरचं उत्तर-दक्षिणेचं गणित आमच्याकडे उलटं आहे. इथे सूर्य उत्तरेकडून येतो. आम्ही आलो तेव्हा घरची सवय म्हणून सावलीतल्या झाडांच्या सगळ्या कुंड्या उत्तरेच्या खिडकीत ठेवल्या आणि जानेवारीत पहिल्याच उष्ण लाटेत पीस लिली आडवी झाली. जूनमध्ये दुपारचा सूर्य इथे जेमतेम २९ अंशांवर असतो, ऊन घरात खोलवर येतं पण त्यात जोर नसतो. त्यामुळे हिवाळ्यात मी सगळं उत्तरेच्या खिडकीत आणतो आणि उन्हाळ्यात पूर्वेच्या. दक्षिणेच्या खिडकीत फक्त झीझी.

आईने पाठवलेल्या बियांची तुळस मात्र अजून नीट जगलेली नाही. जून-जुलैत काळी पडते. कुणी परदेशात जगवली आहे का?

केतकीबन

तुळशीला ऊब आणि ऊन दोन्ही लागतं, निदान चार-पाच तास थेट ऊन. तुमच्याकडच्या हिवाळ्यात तिला ते मिळणं कठीण, म्हणून अबोलीताईंसारखी दिव्याची पट्टी लावून बघा आणि रात्री काचेला टेकू देऊ नका, काच गार पडते. मार्चमध्येच दोन-तीन फांद्या पाण्यात रुजवून ठेवा म्हणजे मोठं झाड गेलं तरी वंश राहील. मंजिऱ्या येतील तशा खुडत जा.

आपल्याकडेही खूप जण देवघराजवळ आत तुळस ठेवतात आणि ती महिन्यात निष्पर्ण होते. माझ्या सासूबाईंना आत तुळस हवी होती. आता आम्ही दोन कुंड्या ठेवतो. गॅलरीतली सकाळी पूजेपुरती आत येते आणि लगेच बाहेर जाते. त्या स्वतः नेतात-आणतात, वृंदावनाच्या आकाराची छोटी हलकी कुंडी घेतली त्यासाठी.

पडवी (सावंतवाडी)

आमचं जुनं कौलारू घर. माजघर अंधारं म्हणून आजोबांनी छपरात दोन काचेची कौलं बसवली होती. त्यातून येणारा उजेडाचा चौकोन दिवसभर जमिनीवरून सरकत जातो, आम्ही लहानपणी त्यावरून शाळेची वेळ ओळखायचो. गेल्या वर्षी त्या चौकोनाच्या वाटेच्या थोडं बाजूला नेच्याची कुंडी ठेवली. इतकी फोफावली आहे की पाटावर बसताना पानं पाठीला लागतात. वरून येणारा उजेड खिडकीतल्या उजेडासारखा एका बाजूचा नसतो, त्यामुळे कुंडी फिरवावी लागत नाही. पावसाआधी कौलं मात्र शाकारताना पुसून घ्या, आमच्याकडे शेवाळ धरतं.

केतकीबन

किती सुंदर! फिरवण्याचं माझ्याकडून लिहायचं राहिलं होतं. खिडकीतली कुंडी आठवड्यातून एकदा पाव वळसा फिरवा, नाहीतर झाड एका अंगाने वाढतं.

नीरजा_ओंजळ (नाशिक)

पूर्वेची गॅलरी, चौथा मजला, ऊन सकाळी ७ ते १०. ब्रह्मकमळ तीन वर्षं नुसतं पसरतंय, फूल नाही. काय चुकतंय?

शिवारातला

आपण घराघरांत ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते खरं तर निवडुंगाच्या कुळातलं, जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच. तुमचं ऊन पुरेसं आहे. कुंडी मोठी केली होती का? याची मुळं जरा दाटीत राहिली की फूल लवकर येतं. शेणखत-युरिया सारखं देऊ नका, नुसता पाला वाढतो. आणि गॅलरीतला दिवा रात्रभर चालू असेल तर तो बंद करा.

नीरजा_ओंजळ

दिवा रात्रभर असतो. कुंडीही मागच्या वर्षी मोठी केली. दोन्ही सुधारते.

मांजरप्रेमी_सई (पुणे)

मनीप्लांट, पीस लिली, अग्लोनेमा, डिफेनबेकिया या सगळ्यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक सुईसारखे कण असतात. मांजराने किंवा रांगत्या बाळाने चावलं तर तोंडाची आग होते, लाळ गळते. आमच्या माऊला एकदा असं झालं आणि रात्री दवाखाना गाठावा लागला. स्पायडर प्लांट आणि एरिका पाम त्या दृष्टीने निर्धोक आहेत, दोन्हींना खिडकीजवळचा बऱ्यापैकी उजेड हवा. कमी उजेडात हिरव्या पानांची कॅलेथिया ठेवते, तीही माऊंसाठी सुरक्षित, फक्त हवा कोरडी नको.

रानवाट

सहा महिन्यांनी लिहितेय. जाळी धुतली तेव्हा बादलीतलं पाणी अक्षरशः काळं झालं. अग्लोनेमा आतल्या कट्ट्यावर ठेवलं, मनीप्लांट ग्रिलमध्ये. पावसाळ्यात दर अठरा-वीस दिवसांनी पाणी दिलं, बोट घालून बघूनच. ऑगस्टपर्यंत काहीच हललं नाही, मी जवळजवळ आशा सोडली होती. सप्टेंबरात मधल्या पानाच्या देठातून फिकट हिरवी सुरळी वर आली. आईने ती रोज सकाळी चष्मा लावून बघितली. पाचव्या दिवशी सुरळी अर्धी उलगडली होती, आतली चंदेरी बाजू ओली असल्यासारखी चमकत होती, आणि आईने मला ऑफिसात फोन करून सांगितलं. आता एकूण चार नवीन पानं आहेत. दर रविवारी ती खुर्चीवर बसून ओल्या फडक्याने प्रत्येक पान पुसते, आधी वरून, मग खालून हात धरून.

बुडाशी एक फुटवा आलाय. शेजारच्या काकूंनी मागितलाय, त्यांचीही खिडकी आमच्यासारखीच. आत्ता काढून दिला तर चालेल का?

केतकीबन

होळीपर्यंत थांबा, उकाडा सुरू झाला की मुळं लवकर धरतात. फुटव्याला स्वतःची तीन-चार पानं आणि थोडी मुळं असू देत. आणि काकूंना सांगा, आधी जाळी धुवायची.